ग्रामसभेतली तीन मिनिटं

पार्श्वभूमी

लोटे परशुराम, महाड, रोह्याजवळचं धाटाव. कोकणात रासायनिक कारखान्यांच्या अशा वसाहती आहेत आणि त्यांना चिकटून जुनी गावं आहेत. माणसाचं स्वातंत्र्य कमी होतंय का, या प्रश्नाशी जोडलेलं हे प्रकरण त्यांतल्याच एका गावातलं; कुठल्या, ते सांगत नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला घरात आणि वाडीत सगळे भाऊ म्हणतात, म्हणून इथेही भाऊच. मी कारखान्याच्या कार्मिक खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. कारणे दाखवा नोटिसा मी स्वतः लिहिलेल्या आहेत. त्या नोटिशीचं उत्तर कामगाराच्या बाजूने लिहायला बसलो ते या प्रकरणात पहिल्यांदा.

भाऊ आयटीआयचा. केमिकल प्लांटचा ऑपरेटर म्हणून लागला, रिॲक्टरवर सोळा वर्षं काढली. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव सोडून गावी आले ते पुन्हा गेले नाहीत. त्यामुळे घराजवळ, रोज जेवायला घरी येता येईल अशी नोकरी मुलाला लागली याचं त्या घरात फार अप्रूप होतं.

कंपनी आधी मुंबईतल्या एका कुटुंबाची होती. शेठ महिन्यातून एकदा गाडीने यायचे, प्लांटमध्ये फिरायचे, कुणाच्या मुलीच्या लग्नाला पाकीट द्यायचे. याच शेठनी एकदा एका फिटरला, तो उलट बोलला म्हणून, दुपारच्या जेवणाआधी गेटबाहेर काढला होता. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. नंतर एका मोठ्या समूहाने कंपनी घेतली. पीएफ वेळेवर भरला जाऊ लागला, कंत्राटी पोरांनाही सेफ्टी शूज मिळाले, लहर लागली म्हणून कुणाला काढणं बंद झालं. हे नियमांमुळेच झालं आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच काळात तीन गोष्टी बदलल्या, ज्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. एक, कार्मिक खातं इथून उठून मुख्य कार्यालयात गेलं आणि त्याच्या जागी पोर्टल आलं. दोन, भाऊसारख्या जुन्या ऑपरेटरांना थोडी पगारवाढ देऊन ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह’ केलं गेलं. काम तेच राहिलं: व्हॉल्व्ह, तापमान, सेंट्रिफ्यूज, लॉगबुक. फक्त युनियनची वर्गणी कापली जाणं थांबलं. तीन, दर एप्रिलमध्ये पोर्टलवर कंपनीची धोरणं ‘वाचली व मान्य केली’ असं टिक करणं सक्तीचं झालं. धोरणं इंग्रजीत. टिक केल्याशिवाय पगारपत्रक उघडत नाही. ‘मान्य नाही’ असं बटणच नाही.

घटना

१५ ऑगस्ट २०२२ ची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, शाळेच्या वर्गात सभा बसली. बाहेर पाऊस. वाडीखालून जो पऱ्या वाहतो त्याला आठ-दहा दिवस वास येत होता. बायकांनी कपडे धुवायला जाणं सोडलं होतं. पावसाच्या आडून कुणीतरी काहीतरी सोडतं ही बोलणी दर वर्षीचीच, तशी ती याही वर्षी सुरू होती.

भाऊ उठला. बोलला ते सगळं मिळून तीन मिनिटं. कुठल्याही कंपनीचं नाव घेतलं नाही. त्याने मागितलं ते एवढंच: प्रदूषण नियंत्रण मंडळाला ग्रामपंचायतीने पत्र द्यावं, पाण्याचा नमुना गावातल्या दोघांसमोर घ्यावा, आणि नमुना कुठून घ्यायचा ते आधी ठरवावं, कारण पुलाखालून घेतला तर दोन ओढ्यांचं पाणी मिसळलेलं येतं. शेवटचा मुद्दा पाण्याचं काम जाणणाराच सांगू शकतो. ठराव एकमताने झाला.

मागच्या बाकावरच्या कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते तालुक्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरलं. भाऊ त्या दिवशी सुट्टीवर होता, अंगावर गणवेश नव्हता. पण तो कुठे कामाला आहे हे पंचक्रोशीला माहीत.

चौथ्या दिवशी ई-मेलवर नोटीस आली. सोशल मीडिया धोरणाचा भंग, कंपनीच्या प्रतिमेला बाधा, पूर्वपरवानगीशिवाय सार्वजनिक मंचावर वक्तव्य. उत्तर ४८ तासांत. खाली सही कुणाची नाही, ‘ही सूचना संगणकाद्वारे तयार झाली असून स्वाक्षरीची आवश्यकता नाही’ अशी ओळ. सोबत एक तयार मजकूर जोडलेला, त्यावर सही करून पाठवला तर ‘सौम्य दृष्टिकोन’ घेतला जाईल.

अडचण नेमकी कोणती

भाऊ माझ्याकडे आला तेव्हा त्याला नोकरीची भीती होतीच, पण त्याहून जास्त गोंधळ होता. “काका, भांडू कुणाशी ते तरी सांगा,” हे त्याचं पहिलं वाक्य.

प्लांट मॅनेजर त्याला ओळखणारा, याच जिल्ह्यातला. तो म्हणाला, “माझ्या हातात काही नाही रे, सिस्टीममध्ये गेलंय ते.” मुख्य कार्यालयातल्या मॅडम फोनवर नीट बोलल्या, पण धोरण त्यांनी केलेलं नव्हतं, त्या फक्त केस हाताळत होत्या. धोरण ज्या समितीने केलं तिच्यात कोण आहे हे त्यांनाही सांगता येईना. कुणीच वाईट वागत नव्हतं. आणि तरी एका मतदाराला ग्रामसभेत बोलल्याबद्दल जाब विचारला जात होता.

भाऊचे वडील पडवीत बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, “आमच्या खात्यात जॉबर होता, म्हणजे मुकादम. आईबापावरून बोलायचा. पण संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन चार जणं जाब विचारायचो. तुझ्या त्या पोर्टलची खोली कुठाय?”

कोकणाला सत्ता नवी नाही. खोताची वेठ इथल्या आज्या-पणज्यांनी केलीय. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडलं. त्याआधी १९३३ पासून सहा वर्षं अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनी कसायच्या नाहीत असा संप केला. खोताला नाव होतं, गाव होतं, वाडा होता. आज भाऊची सुट्टी, पगारवाढ आणि बोलणं ज्याच्या हातात आहे, त्याला यांतलं काही नाही. माणसाचं स्वातंत्र्य कमी होतंय का, या प्रश्नाचं माझं उत्तर होय असं आहे, आणि त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. जुलूम वाढला असं मी म्हणत नाही, शेठच्या काळापेक्षा तो कमीच आहे. पण नियम कारखान्याच्या गेटातून बाहेर पडून वाडीपर्यंत आला, आणि तो कुणी आणला हे विचारायला दार उरलं नाही.

पर्याय

तयार मजकुरावर सही करणं हा सर्वांत सोपा पर्याय. बायकोचा कल सुरुवातीला तिकडेच होता. मुलगी बारावीला, घरावर कर्ज. आम्ही तो मजकूर ओळीओळीने वाचला. पहिल्या दोन ओळी दिलगिरीच्या. तिसरी ओळ अशी: ‘यापुढे मी कंपनीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही सार्वजनिक सभेत, बैठकीत अथवा माध्यमात परिसरातील औद्योगिक विषयांवर मत व्यक्त करणार नाही.’ ती वाचून त्याची बायकोच म्हणाली, “म्हणजे सभेला जायचं ते नुसतं बसायला?” तिथे हा पर्याय संपला. माझ्या मते प्रकरणातला हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो आमच्यापैकी कुणी नाही, तिने घेतला.

स्थानिक पत्रकाराकडे जायचं का? व्हिडिओ आधीच फिरला होता, बातमी लगेच झाली असती. पण मग कंपनीने ज्याचा आरोप केला होता तेच भाऊने खरं करून दाखवल्यासारखं झालं असतं. सोडून दिलं.

वकिलांचा सल्ला घेतला. भाऊच्या डोक्यात संविधानाचं कलम १९ होतं, भाषणस्वातंत्र्य. वकिलांनी समजावलं की ते कलम मुळात सरकारला बांधतं; खासगी कंपनीशी वाद असेल तर आधी कामगार कायद्याच्या पायरीवर उभं राहा. तिथे अडचण होती ती ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह’ या तीन वर्षांपूर्वीच्या बिरुदाची. तेव्हा लागू असलेला औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ ‘कामगार’ कुणाला म्हणत होता? व्यवस्थापकीय काम करणारा त्यात येत नव्हता, आणि दहा हजारांहून जास्त पगार घेणारा पर्यवेक्षकही येत नव्हता. पण न्यायालयं पदाचं नाव बघत नाहीत, माणूस मुख्यतः कोणतं काम करतो ते बघतात. भाऊच्या हाताखाली एकही माणूस नव्हता. तो व्हॉल्व्ह फिरवत होता. म्हणजे तो कामगार.

हे सिद्ध करायला लॉगबुकच्या पानांचे फोटो काढावेत असं भाऊला वाटलं. मी ठाम नको म्हटलं. कंपनीचा कागद खिशात घातला की दुसरी, आणि यावेळी खरी, नोटीस आली असती. त्याऐवजी त्याच्या स्वतःच्या डायरीत पाळीनिहाय कामाची नोंद होती, ती वापरली.

केलेली कृती

खरी वाट सापडली ती गेटवर. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम १९४६ प्रमाणे कारखान्याचे स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटी आणि गैरवर्तनाचे नियम, शासनाच्या अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावे लागत. त्याआधी कामगारांना हरकत घेण्याची संधी मिळे. आणि ते आदेश इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावायचे असत. तो फलक पंचिंग मशीनच्या मागे होता. काचेच्या आत ओल शिरून कागदाचे कोपरे तपकिरी झालेले, वर कुणीतरी कँटीनच्या दरांचा कागद चिकटवलेला. भाऊने दोन दिवस पाळी सुटल्यावर उभं राहून गैरवर्तनाची यादी वहीत उतरवून काढली. चोरी, अफरातफर, सवयीची गैरहजेरी, कामाच्या वेळी कारखान्यात दंगामस्ती, जाणूनबुजून आज्ञाभंग. गावच्या सभेत बोलणं त्यात कुठे नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली ग्लॅक्सो लॅबोरेटरीज विरुद्ध मेरठचं कामगार न्यायालय या खटल्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. स्थायी आदेशात ज्याला गैरवर्तन म्हटलेलं नाही त्याबद्दल शिक्षा देता येत नाही. आणि जिथे आदेश ‘कारखान्याच्या आवारात किंवा लगतच्या भागात’ असं म्हणतो, तिथे मालक आपला हात वाटेल तितका लांब करू शकत नाही. ग्रामसभा झाली त्या शाळेपासून कारखाना साडेचार किलोमीटर.

उत्तर दीड पानाचं लिहिलं. मराठीत. मुद्दे थोडे: मी व्हिडिओ काढला नाही, पाठवला नाही. मी कंपनीचं नाव घेतलं नाही, कंपनीतली कोणतीही माहिती उघड केली नाही. मी ग्रामसभेचा सदस्य आहे तो गावच्या मतदार यादीत नाव असल्यामुळे. माझं कृत्य स्थायी आदेशांतल्या कोणत्या कलमात बसतं ते कृपया कळवावं. हे शेवटचं वाक्य फार उपयोगी पडलं, कारण त्याचं उत्तर पोर्टलच्या कुठल्या खिडकीत तयार नव्हतं. एखाद्या माणसालाच बसून ते शोधावं लागणार होतं.

भाऊला अजून एक वाक्य हवं होतं: ‘गावच्या प्रश्नावर मी यापुढेही ग्रामसभेत बोलेन.’ ते मी खोडलं. त्याला म्हटलं, उत्तरात आव्हान नको. त्याने मान डोलावली. त्याबद्दल पुढे लिहितो.

रजेचा तिढा

३१ ऑगस्टला गणपती. भाऊच्या घरचा गणपती पाच दिवसांचा, गौरींसोबत जाणारा, आणि पूजेला बसणारा तोच. रजेचा अर्ज जुलैतच मंजूर झाला होता. २४ तारखेला पोर्टलवर बघतो तर ‘मंजूर’च्या जागी ‘स्थगित’. फोनाफोनी केल्यावर कळलं की शिस्तभंगाची केस उघडली की त्या माणसाच्या सगळ्या विनंत्या आपोआप थांबतात. रजा कुणीही नाकारली नव्हती. संगणकातल्या एका खुणेने ती थांबवली होती, आणि ती खूण काढण्याचा अधिकार ज्याला होता तो स्वतः गणपतीसाठी रजेवर गेलेला.

मुंबईहून भावांची कुटुंबं यायला निघाली होती. मखराचं लाकूड पडवीत येऊन पडलं होतं. भाऊ नाईट करून यायचा आणि नुसता बसून राहायचा.

२९ तारखेला प्लांट मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं, टेबलाच्या खणातून जुना छापील रजेचा अर्ज काढला आणि म्हणाला, भर. खाली स्वतःच्या पेनाने लिहिलं, ‘माझ्या जबाबदारीवर मंजूर’, सही केली, तारीख टाकली. एवढंच. या सगळ्या प्रकरणात नाव-सहीनिशी जबाबदारी घेतलेला कंपनीकडचा हा एकच कागद. त्याची झेरॉक्स भाऊने जपून ठेवलीय.

पोर्टलने मात्र ते पाच दिवस बिनपगारी धरले. ते पैसे ऑक्टोबरच्या पगारात आले.

निष्पत्ती

केस सहा आठवड्यांनी बंद झाली. चौकशी बसली नाही, शिक्षा झाली नाही. एक ‘सल्लापत्र’ फाईलला लागलं: सार्वजनिक ठिकाणी बोलताना कर्मचाऱ्याने तारतम्य बाळगावं. स्थायी आदेशाचं कलम कुणी कळवलं नाही. मार्चमध्ये वार्षिक मूल्यांकनात एक श्रेणी खाली आली, कारणाच्या रकान्यात ‘एकूण वर्तन’. याविरुद्ध तक्रार निवारण समितीकडे अर्ज दिला. निकाल अजून नाही.

ग्रामपंचायतीच्या ठरावावरून मंडळाचे लोक नमुना घेऊन गेले, भाऊने सांगितलेल्या जागेवरूनच. म्हणजे त्या तीन मिनिटांचा गावाला उपयोग झाला.

पण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत भाऊ दाराजवळ उभा होता. सरपंचांनी विचारलं, “भाऊ, पाण्याचं काही बोलायचंय?” त्याने नुसती मान हलवली. मी हे समोर बसून पाहिलं. कागदोपत्री आम्ही जिंकलो होतो. तयार मजकुरातल्या तिसऱ्या ओळीवर त्याने सही केली नव्हती, आणि तरी तो ती पाळत होता.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्यापासून सुरू करतो. ते वाक्य मी खोडायला नको होतं. कायद्याच्या दृष्टीने त्याची गरज नव्हती हे खरं, आणि माझ्या तीस वर्षांच्या सवयीला ते उद्धट वाटलं. पण ते वाक्य कंपनीला उद्देशून कमी आणि भाऊचं स्वतःला उद्देशून जास्त होतं. ते कागदावर राहिलं असतं तर २ ऑक्टोबरला त्याच्या पाठीशी त्याचाच शब्द असता. माणसाला गप्प करण्याचं निम्मं काम आमच्यासारखे हितचिंतकच करतात, ‘कशाला उगाच’ म्हणून.

रजेचा मुद्दा पहिल्याच उत्तरात घालायला हवा होता. केस उघडताच काय काय बंद पडतं हे तेव्हाच लेखी विचारलं असतं तर गणपतीआधीचे पाच दिवस त्या घराने तसे काढले नसते.

पद बदललं तेव्हा युनियन सोडणं ही भाऊची चूक. वर्गणी पगारातून कापली जाणं थांबलं तर ती हाताने भरता येते. हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि युनियननेही पाठपुरावा केला नाही. आज त्या खात्यातले अकरापैकी नऊ ऑपरेटर असे बाहेर पडलेले आहेत.

कंपनीने काय करायला हवं होतं ते अवघड नाही. धोरण मराठीत द्यावं. गेटच्या आतलं काय आणि बाहेरचं काय, ते त्यात वेगळं लिहावं. नोटिशीखाली माणसाची सही असावी. केस चालू असताना सणाची मंजूर रजा गोठू नये, यासाठी तर संगणकातली एक खूण बदलायची आहे. आणि प्लांट मॅनेजरला जे ‘माझ्या जबाबदारीवर’ लिहून करावं लागलं, ते करण्याचा अधिकारच त्याला असावा.

कायद्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण लहान कारखान्यांत असतील. भाऊला वाचवलं ते काचेमागच्या त्या प्रमाणित यादीने. १९४६ चा मूळ कायदा शंभर कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होता. त्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिच्यात स्थायी आदेशांची मर्यादा ३०० कामगारांवर गेली आहे. त्याखालच्या कारखान्यात उद्या असं काही घडलं तर बोट ठेवायला फलक असेलच असं नाही. पोर्टलवरचं धोरण मात्र असेल. तुमच्या गेटवर अजून फलक असेल तर आजच त्याचा मजकूर उतरवून घ्या.

२०२३ च्या एप्रिलमध्ये धोरणं पुन्हा आली. ‘सार्वजनिक मंच’ या शब्दाच्या व्याख्येत त्या वर्षी एक भर होती: ‘स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सभांसह’. भाऊने टिक केलं नाही. मराठी प्रत मिळावी आणि हे कलम प्रमाणित स्थायी आदेशांशी कसं जुळतं ते कळवावं, असा ई-मेल त्याने स्वतः लिहिला, मला फक्त वाचून दाखवला. या वेळी मी एकही शब्द खोडला नाही. उत्तरादाखल एक तिकीट क्रमांक आला. पगार बँकेत वेळेवर जमा होतो. पगारपत्रक उघडत नाही. १ मेच्या ग्रामसभेला तो दाराजवळ उभा न राहता दुसऱ्या बाकावर, वडिलांच्या शेजारी बसला होता आणि मंडळाचा अहवाल कुठवर आला ते त्याने उभं राहून विचारलं.